पहिली आमरदाद

अणदूर,
२४ मे १९४६

तीर्थरूप मामांना सत्यभामेचा नमस्कार.

कडूमावशीनं काल मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. बी. ए. झाल्यापासून गावातलं कुणी ना कुणी काहीतरी विचारायला येतं. कोर्टाचा कागद असतो, आगगाडीची वेळ असते, आणि मी ऐटीत सांगते. काल कडूमावशी आली. ती म्हणाली, "गिरणी औंदा पैसे देणार न्हाय, नुसता कागद देणार म्हणं. मग त्या कागदापायी ईरण्णानं आमच्या दारात चार खेपा का घातल्या?"

तुम्ही बालाघाट तेल गिरणीच्या संचालकांत बसता, म्हणून हे तुम्हांलाच विचारायचं. पण आधी काय झालं ते सांगते.

कडूमावशी आमच्या शेजारची तेलीण, तुम्ही तिला ओळखता. लातूरला गिरणी निघाली तेव्हा गावातले घाणे बसले. तिच्या नवऱ्यानं घाण्याचा बैल विकून गिरणीचे चार शेअर घेतले. तो गेल्यावर त्या शेअरांना ती बैलाचा कागदच म्हणते. वर्षाकाठी डिव्हिडंड येतो, तेवढ्यापुरता बैल अजून फिरतो, असं तिचं म्हणणं. घर दिराचं, जमीन दिराची. भावकीचा हात पोचत नाही अशी तिच्याकडं एवढी एकच वस्तू होती. आता तीही नाही. दहा रुपयांचा शेअर बारा हाली, म्हणजे निजामी, रुपयांना गावातल्या दुकानदार ईरण्णानं घेतला. तिच्यासारख्या आणखी सहा जणींनी दिले. सगळ्या जणी खूष होत्या, दहाचे बारा आले म्हणून.

मी सुट्टीला आले तर तिनं मला हळदीची पुडी बांधून दिली. पुडीचा कागद उर्दूत छापलेला होता. नळदुर्गच्या शाळेत मार खाऊन शिकलेली उर्दू अजून थोडी शिल्लक आहे, म्हणून वाचला. ती गिरणीची नोटीस होती, कडूमावशीच्या नावानं आलेली. पाच तीरला संचालकांनी ठरवलं की यंदा रोख डिव्हिडंड नाही, त्याऐवजी दर शेअरामागं एक नवा शेअर फुकट. पहिली आमरदादला कचेरी बंद होताना वहीत ज्याचं नाव असेल त्याला तो मिळणार. नवे कागद पहिली मेहेरला.

गावात ही टपाल ईरण्णाच वाचून दाखवतो, कारण तो गिरणीसाठी करडई आणि शेंगा खरेदी करतो. त्यानं सांगितलं, यंदा पैसे नाहीत. दर शेअराला एक शेअर फुकट आहे, हे त्यानं सांगितलंच नाही. मामा, माझा संताप होतो आहे. बाईला वाचता येत नाही, म्हणून तिच्याच नावाचं पत्र तिला अर्धं वाचून दाखवायचं, याला काय म्हणावं?

दोन गोष्टी कळवा. हे नवे शेअर म्हणजे नक्की काय, आणि पहिली आमरदाद म्हणजे इंग्रजी कोणती तारीख? आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर सोलापूरच्या कापडवाल्याचं आहे, त्यात निजाम सरकारचे फसली महिने नाहीत, ना तीर ना आमरदाद. पुण्या-सोलापुरात राहून मीही ते विसरले. तुम्ही पत्राच्या माथ्यावर नेहमी दोन्ही तारखा घालता, म्हणून तुम्हांला लगेच सांगता येईल. मोटारीवाल्याच्या हाती उत्तर द्या. वेळ असेल तर काही करता येईल.

तुमची
सत्यभामा


सोलापूर,
२ जून १९४६

चि. सत्यभामा हिला आशीर्वाद.

मी बाजाराच्या कामानं बार्शीला होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुझा राग पाहून मला हसू आलं. पुण्यात तुम्हांला राज्यक्रांत्या शिकवतात, डिव्हिडंड शिकवत नाहीत असं दिसतं. तर ऐक. कंपनीला नफा झाला की शेअरवाल्यांना त्यातला वाटा मिळतो, तो डिव्हिडंड. बहुतेक वेळा तो रोख मिळतो. यंदा गिरणीला नवं यंत्र घ्यायचं आहे, म्हणून रोकड आत ठेवली आणि वाट्याऐवजी शेअरच दिले. त्याच्या तीन तारखा असतात. पहिली, जाहीर करण्याची. दुसरी, वही बंद करण्याची, म्हणजे त्या दिवशी ज्याचं नाव वहीत असेल तो धनी. तिसरी, नवे कागद हाती देण्याची. यांतली मधली खरी. तिच्याआधी शेअर विकून नाव बदललं तर नवा शेअर घेणाऱ्याचा, आणि नंतर विकला तर नवा शेअर विकणाऱ्याकडंच राहतो.

आता गंमत पाहा. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकर मोठी होत नाही. गिरणी तेवढीच, कागद दुप्पट. चोवीसला जाणारा शेअर वही बंद झाल्यावर बाराला येतो. म्हणजे कडूबाईला बारा मिळाले ते रास्तच मिळाले. लातूरच्या पेठेत महिन्याभरानं कुणालाही भाव विचार, बाराच सांगेल. बायका उगाच हळहळत असतील तर त्यांना हे समजावून सांग. त्यासाठीच तुला शिकवलं.

आणि पहिली आमरदाद म्हणजे पहिली जून. ती काल झाली. वही बंद. आता यात कुणालाच काही करता येणार नाही, तेव्हा डोक्यातून काढून टाक.

धाराशिवच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा भरायची आहे. कमिटीत तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. पंधरा तारखेला बोलावतील. साडी चांगली नेस आणि फार बोलू नकोस.

तुझा मामा
हिंमतराव


अणदूर,
३ जून १९४६

तीर्थरूप मामा,

पत्र पोचलं. भाकरीचा दाखला मी कडूमावशीला जसाच्या तसा सांगितला. ती जोंधळा निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाकर व्हय? मला भाकरीचं काय कळत न्हाय, जनावराचं कळतं. गाय गाभण असताना इकली, तर वासरू घेणाराचं. बाजाराची रीतच हाय ती, कुणी भांडत न्हाय. पण म्हणून भाव गाभण गाईचा पडतो. ईरण्णानं माझी गाभण गाय भाकड गाईच्या भावात नेली. आन् तुझा मामा मला सांगतोय, व्याल्यावर गाईचं पोट रिकामंच ऱ्हातं म्हणून."

मामा, मी बी. ए. आहे आणि मला हे सुचलं नव्हतं. भाव बारावर येतो तो वही बंद झाल्यावर, आणि तेव्हा शेअरवाल्याच्या हातात एकाऐवजी दोन शेअर असतात. कडूमावशीनं विकले ते वही बंद व्हायच्या आधी. तिला चोवीस मिळायला हवे होते. तिला नंतरचा भाव दिला आणि तिच्याकडून आधीचा माल घेतला. तुमच्या पत्रातलं एकेक वाक्य खरं आहे, पण सगळी मिळून फसवणूक होते. हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही, तेच मला कळत नाही.

तारीख गेली म्हणता, तर गेली. माझंच चुकलं. तुमच्या उत्तराची वाट पाहत मी नऊ दिवस घरात बसले. सरळ लातूरची वाट धरायला हवी होती. पण तारीख गेली तरी लाज जात नाही, म्हणून आज दुपारी ईरण्णाच्या दुकानात गेले. बायकांना निदान फरकाचे पैसे दे, असं म्हणायचं होतं.

त्यानं मला पोत्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं, आणि सगळं बोलणं हसत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, कायद्यानं झालंय सगळं. अंगठे हायत. साक्ष हाय. साक्षीदार बी असा तसा न्हाय, गावात त्याच्याएवढं शिकलेलं कुणी न्हाय." आणि पेटीतून कागद काढून माझ्यापुढं धरले.

सात कागद. प्रत्येकावर अंगठा, आणि अंगठ्याशेजारी इंग्रजीत, वळणदार अक्षरात, माझी सही. खाली बी. ए. सुद्धा.

मला पाडव्याचा दिवस आठवला. तुमच्या घरी जेवणं झाली आणि तुम्ही कोऱ्या फॉर्मांची चवड पुढं केली. माझ्या कामाचे कागद आहेत, साक्षीला शिकलेलं माणूस लागतं, असं म्हणालात. मामींना हाक मारून दाखवलंत की पाहा आपल्या मुलीची सही. मी फुगले होते मामा. काय आहे ते विचारलंही नाही. 'माझ्यासमक्ष अंगठा केला' असं तिथं छापलेलं असतं. तेव्हा अंगठा नव्हता, नाव नव्हतं, काहीच नव्हतं. तरी मी सही केली, कारण खाली बी. ए. लिहायला मिळत होतं.

ते कोरे कागद ईरण्णाकडं कसे आले? तुमच्या दप्तरातून कुणी पळवले का? मला एवढंच सांगा. तुम्ही सांगाल त्यावर मी विश्वास ठेवीन. तो बुधवारी ते घेऊन लातूरला निघणार आहे. बंद वहीत आता काय लिहिणार आहे कोण जाणे.

सत्यभामा

ता. क. कडूमावशीनं माझी सही ओळखली नव्हती. मीच घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे माझ्या अंगठ्याला तू साक्षी? बरं झालं बाय, घरातलंच माणूस निघालं." तिनं हे हसून म्हटलं. रडली असती तर बरं वाटलं असतं.


सोलापूर,
४ जून १९४६

चि. सत्यभामा,

तुझं पत्र सकाळच्या मोटारीनं आलं. परतीच्या मोटारीनं हे पाठवतो आहे. फाडून टाक.

कागद कुणी पळवले नाहीत. मीच दिले. ईरण्णानं शेअर घेतले ते माझ्यासाठी. घेतले तर काय झालं? गळ्यावर सुरी ठेवून घेतले का? दहाचे बारा दिले आणि त्या हसत घेऊन गेल्या, हे तूच लिहितेस. व्यापारात ज्याला आधी कळतं तो आधी घेतो. त्यांना कळलं नाही, यात माझा काय गुन्हा? मी गिरणी उभी केली तेव्हा दारोदार फिरून शेअर खपवले. दोन वर्षं कुणी दमडी दिली नाही. तेव्हा कुठं गेली होती तुझी कडूबाई?

साक्षीचं म्हणशील तर सगळीकडं अशीच साक्ष होते. तहसिलीत जाऊन पाहा. अंगठा वाड्यात आणि साक्षीदार चावडीत.

बोलणार नव्हतो, पण तू बोलायला लावतेस. पुण्याची चार वर्षांची फी, खानावळ, पुस्तकं, दर सुट्टीला जाण्यायेण्याचं भाडं. तुझ्या वडिलांच्या कोरडवाहूतून तुझं मॅट्रिकसुद्धा झालं नसतं. मी कधी मोजलं नाही. तुझ्या आईला शब्द दिला होता की पोरीला शिकवीन, तो पाळला. या शेअरांतले काही तुझ्या लग्नासाठी तुझ्या नावावर करायचं मनात होतं.

आता नीट वाच. त्या कागदांवर माझी सही कुठंही नाही. ईरण्णाचं नाव आहे, बायकांचे अंगठे आहेत, आणि साक्ष तुझी आहे. ती खोटी आहे असं तू म्हणालीस तर गुन्हा तुझा होतो. पंधरा तारखेला कमिटीसमोर बसायचं आहे. खोटी साक्ष घालणाऱ्या बाईच्या हाती कोण मुली देईल?

वही बंद झालीच आहे. तूही हा विषय बंद कर.

तुझा मामा


लातूर,
६ जून १९४६
१ आमरदाद १३५५ फसली

तीर्थरूप मामा,

वर दोन्ही तारखा घातल्या आहेत. आधी त्यांचंच सांगते.

मंगळवारी सकाळी माझं पत्र मोटारीवाल्याला द्यायला नळदुर्गच्या नाक्यावर गेले. कडूमावशीचे तुपाचे दोन डबे सोलापूरला जायचे होते, त्यांची करोडगिरीची, म्हणजे हद्दीवरच्या जकातीची, पावती घ्यायची होती. लालमहंमद चाचांनी पावती लिहिली. मी सहज वाचली तर तारीख तीस तीर. मी म्हटलं, चाचा, तीर कसा, आमरदाद लागून चार दिवस झाले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटी, पुण्याला जाऊन महिने पण विसरली का? परवा जुम्मेरातीला लागतो आमरदाद. सरकारनं तुझ्यासाठी लवकर लावला असंल तर मला म्हाईत न्हाय." नाक्यावरचे सगळे हसले. मीही हसले, आणि मग तिथंच दगडावर बसले.

पहिली आमरदाद म्हणजे सहा जून. तुम्ही लिहिलंत पहिली जून.

घरी येईपर्यंत मी तुमच्यासाठी सबब शोधत होते. मामा घाईत असतील, चुकले असतील. मग ट्रंकेतून तुमची जुनी पत्रं काढली. सहा वर्षांची पत्रं, एकूण एकेचाळीस. चाळिसांवर डाव्या कोपऱ्यात फसली तारीख आहे, उजव्या कोपऱ्यात इंग्रजी. मला ताप आला होता तेव्हाच्या दोन ओळींच्या चिठ्ठीवरसुद्धा आहे. तीस वर्षं हद्दीच्या दोन्ही बाजूंना व्यापार केलेल्या माणसाचा हात ती तारीख आपोआप लिहितो. फक्त दोन जूनच्या पत्राचा डावा कोपरा रिकामा आहे. तिथं तुम्ही काय लिहिणार होता? अठ्ठावीस तीर? मग वही कालच बंद झाली असं खाली कसं लिहिता आलं असतं?

संध्याकाळच्या मोटारीनं तुमचं दुसरं पत्र आलं. त्याचाही कोपरा रिकामा होता. आता बेचाळीस झाली.

तुम्ही शेअर घेतलेत, याचा राग मला आला. पण तो राग मला समजतो, तो आपल्या भांडणाचा राग आहे. माझ्या विसरण्याचा तुम्ही उपयोग केलात, हे मात्र मला सहन होत नाही. कडूमावशीला वाचता येत नव्हतं म्हणून ईरण्णानं तिला अर्धं वाचून दाखवलं. मला तारीख आठवत नव्हती म्हणून तुम्ही मला खोटी सांगितलीत. तिच्यात आणि माझ्यात तुम्ही काय फरक ठेवलात? चार वर्षांची फी भरून तुम्ही मला तिच्याच रांगेत उभं केलंत. आणि पाडव्याला तुम्हांला सगळं ठाऊक होतं. गिरणीनं जाहीर करायच्या महिनाभर आधी माझ्या सह्या तयार होत्या.

काल पहाटे कडूमावशी आणि मी तिच्या दिराच्या गाडीतून लोहाऱ्याला आलो आणि तिथून मोटारीनं लातूरला. दिराला सांगितलं की देवीला निघालो आहोत. एवढं एक खोटं आमच्याही पदरात आहे. सातही जणींनी घेतलेले पैसे परत करायला काढून दिले. दोघींचे खर्च झाले होते, ते मी माझ्या मास्तरकीच्या पगारातून घातले. नवा डिव्हिडंड आला की त्या फेडणार आहेत, आणि त्यांनी तसं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आहे. आता अणदुरात कुणी न वाचता कागद सोडत नाही. मला एकच कागद तीन वेळा वाचून दाखवावा लागला.

आज सकाळी गिरणीची कचेरी उघडली तेव्हा आम्ही पायरीवर होतो. हेडक्लार्क हणमंतप्पा म्हणून आहेत. त्यांना मी अर्ज दिला. त्यात लिहिलं आहे की या सात कागदांवरची साक्षीची सही माझी आहे, आणि ती खोटी आहे. सही केली तेव्हा कागद कोरे होते. एकीचाही अंगठा माझ्यासमक्ष झालेला नाही. बायकांना नोटीस पुरती वाचून दाखवलेली नव्हती. तेव्हा ही साक्ष मी मागं घेते, आणि त्यासाठी जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. कोरे फॉर्म मला कुणी दिले, तेही लिहिलं आहे. तुमचं नाव लिहिताना हात थांबला. कडूमावशी शेजारी उभी होती, तिला अक्षर कळत नाही, पण थांबलेला हात कळला. ती म्हणाली, "नगं लिहू वाटत असंल तर नगं लिहू, बाय. तुझा मामा हाय." ती असं म्हणाली म्हणूनच मी लिहिलं.

हणमंतप्पांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, वकिलानं शिकवून फिरवलेल्या साक्षी लई पाहिल्या. आपण होऊन स्वतःवर घेणारी आजच पाहतोय. पुन्हा एकदा विचार करा. तुमच्या सहीखाली बी. ए. हाय."

मी म्हटलं, म्हणूनच.

अकरा वाजता ईरण्णा कागद घेऊन आला. त्याचे कागद आणि माझा अर्ज टेबलावर शेजारीशेजारी ठेवले गेले. हणमंतप्पांनी त्याला सांगितलं की साक्षीदार उलटला आहे आणि धनिणी पैसे परत द्यायला आल्या आहेत, तेव्हा हे कागद वहीत चढवता येत नाहीत. तक्रार असेल तर अदालतीत जा. ईरण्णानं माझ्याकडं पाहिलं. तुमचं नाव घ्यायचं त्याच्या ओठावर आलं होतं. त्यानं घेतलं नाही. मग कडूमावशीनं कनवटीची गाठ सोडून अठ्ठेचाळीस रुपये एकेक करून टेबलावर मांडले, बाकीच्या सहा जणींचे मी मोजून दिले. "ईरण्णा, माझा बैल सोड," ती म्हणाली. "अन् जाताना दावं नेऊ नको." तो चिडला होता, तरी हसला. कागद ठेवून गेला.

दुपारी मी टपालात जाऊन आले तेवढं सोडून आम्ही संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो. पाचला हणमंतप्पांनी वही मिटली आणि त्यावर फीत बांधली. त्याआधी त्यांनी कडूमावशीला तिच्या नावाची ओळ बोटानं दाखवली. ती म्हणाली, एवढंसंच हाय व्हय. आणि त्या ओळीवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मामा, फीचं तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. तुमच्याविना मी आज हा अर्ज लिहू शकले नसते. ते देणं मी मानते, आणि दर महिन्याला जमेल तसं पाठवीन. पण त्या बदल्यात या सात जणींची ओळ मला देता येणार नाही. ती माझी नाही.

सोबत अर्जाची नक्कल जोडली आहे. अशीच एक नक्कल धाराशिवच्या शाळेच्या कमिटीला आज दुपारी रजिस्टरानं पाठवली आहे. त्यांनी पंधरा तारखेला मला बोलावायचं की नाही, ते हा कागद वाचून ठरवावं. पावती माझ्याजवळ आहे. तिच्यावर तारीख आहे, पहिली आमरदाद.

सत्यभामा